सात निंब

आमच्या गल्लीत फाटकाबाहेर ओळीनं निंब होते. मारुतीच्या कोपऱ्यापासून मोजलं की सातव्या निंबासमोर आमचं घर. एकमजली, चारी बाजूंनी मोकळं. जळगावात प्लॉट घेतला तेव्हा सगळ्यांनीच आपापल्या दारात रोप लावलं होतं.

नवरा एसटीत ड्रायव्हर होता. जळगाव-धुळे रस्ता त्याला तोंडपाठ. तीन वर्षांपूर्वी तो एकेक विसरायला लागला. आधी नातवंडं, मग जेवलोय की नाही ते. पण सकाळचा फेरा कधी चुकला नाही. मारुतीपर्यंत जायचा आणि येताना प्रत्येक बुंध्यावर तळवा ठेवून मोठ्यानं आकडा म्हणायचा. सात म्हटलं की आत वळायचा. गल्ली हसायची. मीही हसायचे.

आमच्याकडे चैत्रात बिबड्या घालतात. ज्वारी भिजवून दळायची, घाटा शिजवायचा, ओल्या फडक्यावर थापायचा आणि गच्चीवर खाटेवर उलटायचा. दोन दिवस कडक ऊन लागतं. निंब गच्चीच्या वर गेले आणि ऊन तुटलं. मागच्या वर्षी माझ्या बिबड्यांना बुरशी आली. शेजारीण फडक्यात डोकावून म्हणाली, "अक्का, यंदा काळ्या ज्वारीच्या केल्या का?"

मला ते लागलं. मी चौथी शिकलेली बाई, पण बिबड्यांत मला कोणी नाव ठेवलं नव्हतं. मीच घरोघर फिरले. बायका पाल्याला, पक्ष्यांच्या घाणीला वैतागलेल्याच होत्या. माणसं लावून सातही निंब बुडापासून काढले. खुणा राहू नयेत म्हणून वर फरशा बसवल्या. नवरा ओट्यावर बसून बघत होता.

दुसऱ्या दिवशी फेऱ्याला गेला तो आलाच नाही. मुलगा पुण्यात. मी आणि शेजारीण रिक्षानं फिरलो. दुपारी नशिराबादजवळ, हायवेवरच्या पंक्चरवाल्याच्या बाकावर सापडला. चपला नव्हत्या. मला बघून उभा राहिला आणि हात जोडले.

"अक्का, मन्हं घर कोठे शे?"

लग्नाला पंचावन्न वर्षं झाली. त्यानं मला कधी अक्का म्हटलं नव्हतं.

मी सात जागी बांबू पुरले. त्यानं पहिल्यावर हात ठेवला, काढला, आणि पुढे चालत राहिला. फाटकाला लाल फडकं बांधलं, त्याच्याकडे बघितलंही नाही. नवी रोपं लावा, असं मुलगा फोनवर म्हणाला. निंब हाताला लागेपर्यंत आम्ही दोघं कुठून राहणार? शेवटी फाटकाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला असते.

आता तो दिवसभर फाटकाचे गज धरून उभा असतो. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, मला घरी सोडता का. रस्त्यावर कडक ऊन असतं. लोक मान खाली घालून निघून जातात. कोणी मला बोल लावत नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

यंदाच्या बिबड्या पांढऱ्याशुभ्र वाळल्या. एक भाजून, तेल लावून त्याच्या हातात दिली. त्यानं सावकाश चावून खाल्ली.

"मन्ही बायको बी अश्याच करस," तो म्हणाला.

मग हात धोतराला पुसले आणि कुलूप हलवायला गेला.