परसोंचा चोर

आमचे शेजारी एकनाथराव काका फौजेतून निवृत्त झाले, पण बोलणं अजून परेडवरचंच. "चहा. गरम. साखर कमी." संपलं वाक्य. हैदराबादच्या दिलसुखनगरातल्या आमच्या गल्लीत त्यांच्याइतका शांत माणूस नाही. घरी बसून ते गॅलरीतल्या कुंड्या एका रांगेत लावायचे, मग मोडून पुन्हा लावायचे.

अफझलगंजच्या एका बँकेच्या दारावर गनमनची, म्हणजे बंदूकधारी रखवालदाराची जागा निघाली. सिक्युरिटी एजन्सीवाला म्हणाला, "बंदूक स्वतःची लागते काका. लायसन आणा, जागा तुमची. दसऱ्यापर्यंत थांबतो."

काकांनी अर्ज केला. पोलीस चौकशी काही होईना. ठाण्यात गेलं की कळायचं, "फाईल वर गेली." पुढच्या खेपेला, "फाईल खाली आली."

अखेर एक कॉन्स्टेबल आला. वरंगळकडचा, शहरात नवा, प्रत्येक शब्दाची शेपटी लांबवणारा. काका नेमके भाजीला गेलेले. दारात तारामतीकाकू.

"इनकूऽ गुस्सा आताऽ क्या अम्मा?"

नवऱ्याची तारीफ करायची संधी काकू सोडते होय? "गुस्सा नै, हिम्मत है. परसों घर में चोर घुसा ना, ऐसा धोपटे उसकू लाठी से, उठाच नै वो."

"परसों?"

"हौ, परसों."

आता हैदराबादेत परसों म्हणजे कालच्या मागचा कुठलाही दिवस. तो चोर आला तेव्हा माझ्या बाबांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. वरंगळच्या माणसाला हे कोण सांगणार? त्याने लिहिलं, अर्जदाराने दोनच दिवसांपूर्वी एकाला जबर मारहाण केली. फाईल अडकली.

काका ठाण्यात गेले. इन्स्पेक्टर जुन्या शहरातले. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"चाचा, ये कौनसा परसों है?"

"शादी के बाद की पहली छुट्टी. तब का."

इन्स्पेक्टर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग म्हणाले, "मैं समझ गया, मगर ऊपरवाले लिखा हुआ पढ़ते. इन्क्वायरी फिरसे होगी."

ती होईपर्यंत दसरा गेला. अफझलगंजच्या दारावर दुसरा माणूस उभा राहिला.

दुसऱ्या चौकशीच्या दिवशी काकांनी काकूला हुकूम दिला. "तू. गप्प. पूर्ण."

तोच कॉन्स्टेबल. "गुस्साऽ?" काकूने नकारार्थी मान हलवली. "झगडाऽ?" पुन्हा तशीच मान. "आप बात नै करतेऽ क्या अम्मा?"

काकूने काकांकडे पाहिलं.

"परवानगी आहे," काका म्हणाले.

"नै करती," काकू म्हणाली.

लायसन आलं संक्रांतीनंतर. एजन्सीकडे तेव्हा घटकेसरची एकच शाखा उरली होती, दोन बस बदलून जायची. काकांनी ती घेतली. डबा पहाटे करावा लागतो म्हणून काकू कुरकुरते, पण आधी दार लावून घेते.