नसलेल्या दरवाजातून वाकून

सावद्याच्या मालधक्क्यावर केळीच्या वाघिणी (मालगाडीचे डबे) येईपर्यंत मंडळी गप्पा हाणत बसतात. तिथली गप्पांची गादी वीस वर्षं माझी होती. पण एकदा मी सांगून बसलो, की आमच्या मळ्यातला एक घड मोजता मोजता तलाठी म्हातारा झाला. तेव्हापासून मी तोंड उघडलं की लोकांना घरची कामं आठवू लागली. गेलेली पत परत मिळवायची तर खरंखुरं आश्चर्य पाहून यायला हवं होतं, आणि सोबत साक्षीदार हवा होता.

साक्षीदार म्हणून मी शेजारच्या नानांना धरलं. मुलगी सांगायला आलेल्या पाहुण्यांपुढे “पोरगा आमचा आळशी हाये” असं स्वतःच्या मुलाबद्दल सांगणारा हा माणूस! त्यांच्या शब्दावर सारा धक्का डोळे मिटून विश्वास ठेवतो.

तर आम्ही पूर्व खानदेशातून पश्चिम खानदेशात, तापीकाठची एक जुनी राजधानी पाहायला निघालो. गावाचं नाव लिहीत नाही. त्या वाटेनं मला पुन्हा जायचंय. भुसावळला गाडी बदलली. नरडाण्यापर्यंत इंजिनानं इतका कोळसा उडवला, की उतरल्यावर नाना मलाच विचारू लागले, “भाऊ, आमच्या संगतीचा माणूस पाहिला का?”

पुढे बैलगाडी, मग नाव. पैलतीरावर पांढऱ्या मिशांचा, काठीसारखा ताठ म्हातारा बसला होता. सारे त्याला आबा म्हणत.

“राजधानी देखाले उनात का? चाला मन्हा मांगे!” (राजधानी पाहायला आलात का? चला माझ्या मागे!)

टेकाड चढून वर गेलो. वर सपाट माळ, तरोट्याची झुडपं आणि तीन शेळ्या. बाकी आभाळ.

“वाका!” आबा ओरडले. “दरवाजा बुटका शे!”

नानांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. “मले तं काईच दिसत नही.”

“कसं दिसी? बठ्ठं तापीमायनी खाई टाकं. (सगळं तापीमायनं खाऊन टाकलं.) पन राजानं घर शे ना! (पण राजाचं घर आहे ना!)”

सहा फुटी नाना मुकाट्यानं वाकले, टोपी सावरत आत गेले. मी आपला सरळ चालत निघालो, तर आबा कडाडले, “भितमाईन काय येस रे भाऊ? दार तठे शे!” भिंतीतून आत शिरल्याबद्दल मला बाहेर काढण्यात आलं आणि रीतसर दारातून घेण्यात आलं.

चार तास! हत्तीखान्यात आम्ही हत्तींच्या पायाखाली येऊ नये म्हणून कडेकडेनं चाललो. हमामखान्यात धोतरं वर धरली. जनानखान्यापाशी नानांनी तोंड फिरवलं, आणि मी फिरवलं नाही म्हणून मला बोलणी बसली. भटारखान्यात भर उन्हात मांडी घालून बसलो. आबांनी फडकं सोडलं. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा! त्या अख्ख्या राजधानीत तेवढीच वस्तू शिल्लक होती. ठेचा असा, की पहिल्या घासाला मला दोन हत्ती दिसले.

“आबा, तुम्ही पाह्यला होता का दरवाजा?” नानांनी विचारलं.

“मन्हा आजानी देखेल व्हता. तो वाके. बाप वाके. मी बी वाकस.”

परतताना नाना न सांगता वाकले.

गाडीत मी कपाळाला हात लावून बसलो. शेजारी सत्यवादी माणूस असताना थाप कुठली मारणार? शेवटी जन्मात पहिल्यांदा खरं बोलायचं ठरवलं.

“मंडळी,” मी धक्क्यावर सांगितलं, “तिथं काही नाही. माळ आहे आणि तीन शेळ्या.”

“झालं याचं सुरू!” कोणीतरी म्हणालं. “नाना, तुम्ही सांगा.”

नानांनी घसा खाकरला. “दरवाजा बुटका हाये. मी दोनदा वाकून गेलो. येता-जाता. हा भिंतीतून शिरला, तं आबानं याले बाहेर काढलं.”

“भिंतीतून?”

“इचारा त्याले.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही कसं म्हणणार? शिरलो होतो!

“मग हत्ती?” मागून प्रश्न आला. नाना ऐसपैस मांडी घालून बसले. तेवढ्यात वाघिणी आल्या, इंजिनानं तीनदा शिटी फुंकली, पण एक माणूस जागचा हलेल तर शपथ. त्या दिवशी सबंध गावाची केळी मी एकट्यानं भरली. हेही कुणाला खरं वाटत नाही.