कानशीखाली गेलेला गोळा

मोटर-पंप दुरुस्त करणाऱ्या फ्यूजने ती चूक अगदी मन लावून केली.

भंगारवाल्याकडून आणलेली पेटी घरी बनवलेली दिसत होती. झाकणाला भोकं, त्यांच्या मागे जुन्या टेलिफोनचा बोलायचा तुकडा. पेटीतून निघालेल्या लांब वायरीच्या टोकाला कापडी पिशवी आणि पिशवीत टेपरेकॉर्डरमध्ये असते तशी छोटी मोटर. त्या मोटरच्या दांड्यावर एका बाजूलाच वितळवून चिकटवलेल्या सोल्डरचा ओबडधोबड गोळा. तो बघून फ्यूजच्या हाताला खाज सुटली. कानस घेऊन त्याने गोळा घासून काढला, तेलाचा थेंब सोडला आणि भुगा फुंकून दिला. सेल लावून पाहिला, तर मोटर कशी लोण्यासारखी फिरत होती. मग ती पुन्हा पिशवीत घालून त्याने पेटीचा प्लग लावला.

"बनवणाऱ्याला अक्कल नव्हती," तो म्हणाला. "एकाच बाजूला वजन टाकल्यावर मोटर थरथरणार नाही तर काय!"

"पण ही वस्तू आहे काय?" शेजारचा शिंपी मशीन थांबवून डोकावला.

"ते कळलं असतं तर तुझं तोंड कशाला बघितलं असतं?"

"पाठ खाजवायचं यंत्र असणार. बायको माहेरी गेलेल्यांसाठी!" शिंपी स्वतःच्याच विनोदावर गडगडाटी हसला, आणि पिशवीतली मोटर गर्रकन फिरली. तो गप्प झाला तशी थांबली.

"बघ, जीव जडला माझ्यावर!"

फ्यूज मात्र हसला नाही. आवाज झाला की फिरणारी मोटर कुणाला आणि कशाला हवी असेल? त्याने प्लग काढून पेटीचा तळ उघडला आणि त्याचा हात तिथेच थांबला. आतल्या एकाही जोडाला टेप नव्हती. प्रत्येक जोड मेण लावलेल्या दोऱ्याने गच्च आवळलेला होता. "टेपला उन्हाळ्यात घाम फुटतो," असं म्हणत दोरा वळणारा माणूस त्याने आयुष्यात एकच पाहिला होता. त्याचा थोरला भाऊ.

दोघं भाऊ एकाच टेबलावर काम करायचे. एकदा धाकट्याने गिऱ्हाइकाचा पंप पार खोलला, वाइंडिंग उसवून ठेवलं, आणि बिघाड निघाला फ्यूजचा. भरल्या दुकानात दादा ओरडला, "अरे, आधी फ्यूज बघ, फ्यूज!" लोक पोट धरून हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच. धाकट्याने आपलं टेबल उचललं आणि बोलणं टाकलं. बऱ्याच वर्षांनी बाजारात, जुन्या स्क्रूंच्या गाडीवर वाकलेला दादा त्याला दिसला. सगळा मान गिळून त्याने मागून हाक मारली. मग पुन्हा मारली. दादाने वळूनही पाहिलं नाही. फ्यूज घरी आला आणि बायकोला म्हणाला, "संपलं." दादा गेला त्या दिवशीही तो फाटकापाशी परक्यासारखा उभा राहिला होता.

आता त्याच फाटकातून तो पेटी घेऊन आत गेला.

"भाऊजी? वाट चुकलात की काय?" वहिनी खुर्चीतूनच म्हणाली. एवढं बोलूनही तिला धाप लागली. मग तिला पेटी दिसली. तिने पिशवीवरून हात फिरवला. जुन्या पडद्याचं कापड होतं ते, तिनेच शिवलेलं.

"हे काय आहे, वहिनी?"

"माझी हाक," ती म्हणाली. "मला हा दमा. रात्री श्वास कोंडला की उठवायची, पण यांना ऐकू कुठे यायचं! पेटी माझ्या उशाशी, पिशवी यांच्या उशीखाली. मी हाक मारली की उशी थरथरायची."

"ऐकू यायचं नाही म्हणजे?"

"ठार बहिरे झाले होते. कुणाला सांगू दिलं नाही. मोटरचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस, तोच बहिरा म्हटल्यावर दारात कोण उभं राहणार, म्हणायचे. बाजारात जायचे तर माझ्या जिवाला घोर. मागून गाडी आली तरी कळायचं नाही."

"स्क्रूच्या गाडीवर जायचा तेव्हाही?"

"तेव्हा तर काहीच ऐकू येत नव्हतं."

इतकी वर्षं ज्या पाठीवर तो रुसला होता, त्या पाठीपर्यंत हाक पोचलीच नव्हती.

"मग ही विकलीत कशाला?"

"ते गेल्यावर मी खोकले तरी उशी थरथरायची. रिकामी उशी. नाही बघवलं." तिने पिशवी जवळ ओढली. "पण आता आणलीच आहे तर चालू करा एकदा. हात ठेवून बघते."

त्याने प्लग लावला. वहिनीने पिशवीवर तळवा ठेवला आणि हळूच हाक मारली, "अहो..."

मोटर फिरली. गुळगुळीत, लोण्यासारखी. पिशवी जागची हललीसुद्धा नाही.

"बिघडली वाटतं."

"नाही वहिनी," फ्यूज म्हणाला. "मी दुरुस्त केली."

त्यानंतर त्याने दांड्यावर नवा गोळा चढवून नेला. वहिनीने तळवा ठेवला आणि मान हलवली. "हे फार जोरात आहे. ते दचकून उठले असते हो." त्याने थोडा घासून नेला. "आता अगदीच मुळमुळीत." दादाचा गोळा केवढा होता, कुठल्या अंगाला झुकलेला होता, ते त्याने घासताना नीट पाहिलंच नव्हतं. भुगा तर केव्हाच झाडून गेला होता.

"जवळ आलंय, भाऊजी," परवा ती म्हणाली. "पण ते नाही."

शिंपी चिडवतो, "काय फ्यूजराव, एवढीशी मोटर आणि अजून जमेना? हात गेला का?"

"दादाचं एक देणं राहिलंय," फ्यूज म्हणतो, आणि पुन्हा सोल्डरिंग आयर्न तापत ठेवतो.