अनय शनिवारी कुठे जायचा

अनयचा उजवा हात गेला त्या सकाळीही जयवंतीबाईंनी त्याच्यासाठी प्रार्थना केली होती. सव्वापाचला कंपनीची बस त्याला अंबत्तूरहून श्रीपेरुंबुदूरला न्यायची. बस वळेपर्यंत बाल्कनीत उभं राहायचं आणि लेकाला प्रभूच्या हाती सोपवायचं, हा बाईंचा चार वर्षांचा नेम होता. त्या दिवशी साडेअकराला फोन आला. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये अडकलेला तुकडा काढायला अनयने हात घातला होता. तो बाजूला झालाय असं समजून जोडीदाराने बटण दाबलं. मनगटाच्या खाली काही उरलं नव्हतं.

यजमान, उमाकांत, आतून आले तेव्हा कुकर शिट्यांवर शिट्या देत होता आणि बाई गॅससमोर नुसत्या उभ्या होत्या. तो बंद कसा करायचा हेच त्यांना आठवत नव्हतं.

साळवे मंडळी मूळची नगरकडची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. उमाकांतांना संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईत आली आणि इथलीच झाली. शहरातल्या मराठी ख्रिस्ती घरांची महिन्याची उपासना यांच्याच हॉलमध्ये भरायची. बाई पेटी वाजवायच्या, कुणी आजारी पडलं की डबा घेऊन जायच्या, आणि दुःखातल्या माणसाला काय म्हणायचं ते त्यांना तोंडपाठ होतं.

आता तेच त्यांना ऐकावं लागलं. हॉस्पिटलात उपासनेला येणाऱ्या विद्युलताबाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "यात देवाची काहीतरी योजना असेल."

"असेल. पण मला सांगू नका. तुम्ही जा आता," जयवंतीबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकल्या.

अनय घरी आल्यावर त्या एकदा प्रार्थनेला बसल्या. अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीपाशी जीभच थांबली. डोळ्यांसमोर कौशिक उभा राहिला, बटण दाबणारा. तो एकदा त्यांच्याकडे पुरणपोळी जेवून गेला होता. बाई उठल्या त्या परत बसल्या नाहीत. आपण रोज सकाळी बोलत होतो ते ऐकणारं कुणी होतं का, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्या धसकून गेल्या. असा प्रश्न आपल्याला पडू शकतो हे त्यांना माहीतच नव्हतं. उपासना दुसऱ्या घरी गेली. चौदा महिने गेले.

अनय डाव्या हाताने लिहायला शिकला, कंपनीत ऑफिसच्या कामाला लागला. दर शनिवारी दुपारी तो दोन तास बाहेर जायचा. विचारलं तर म्हणायचा, "काम आहे."

एका शुक्रवारी संध्याकाळी दारात एक तरुण बाई उभी राहिली. कपाळावर विभूती, हातात स्टीलचा डबा. "अनय अण्णांची आई ना तुम्ही?" तिने तमिळमध्ये विचारलं. "मी लावण्या. कौशिकची बायको. अण्णांना आमचा गुळाचा भात, चक्करै पोंगल, आवडतो. उद्या आम्ही देवाला चाललोय, म्हणून आजच आणला."

डबा त्यांनी घेतला, पण तो घेतल्याचं त्यांना लावण्या गेल्यावर कळलं.

अनय आला. डबा बघताच त्याने ओळखला.

"तू त्याच्याकडे जातोस?"

"हो."

"त्याला माफ केलंस, आणि मला सांगितलं नाहीस?"

"माफ करायला नव्हतो गेलो, आई. मारायला गेलो होतो."

बाई खाली बसल्या.

"दवाखान्यातून आल्यावर दोन महिन्यांनी. खिशात पाना होता. दार उघडंच होतं, लावण्या माहेरी गेलेली. हा जमिनीवर पडलेला. विष घेतलं होतं त्याने." अनय सावकाश बोलत होता. "एका हाताने ओढत रिक्षापर्यंत नेलं. हॉस्पिटलात सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्याशेजारी बसलो. प्रार्थना मला सुचली नाही. पण त्या खोलीत आम्ही दोघंच नव्हतो. कसं ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. त्याआधी माझाही कशावर विश्वास उरला नव्हता."

त्या पाच मिनिटांत बाईंना मुलगा दोनदा परका वाटला. एकदा पाना घेऊन निघालेला, एकदा शत्रूच्या उशाशी बसलेला. आणि आपण त्याच्यासाठी रडत होतो तेव्हा तो एवढं सगळं एकटा सोसत होता.

पुढच्या शनिवारी त्या म्हणाल्या, "मी येते."

कौशिकची खोली एका वर्कशॉपच्या मागे होती. भिंतीवर मुरुगन देवाचं कॅलेंडर. त्यांना पाहताच तो उठला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. केवढा वाळला होता. बाईंनी चौदा महिने मनात धरलेला माणूस हा नव्हताच. लावण्याने कॉफी आणली, कुणी प्यायली नाही.

मग तो म्हणाला, "अम्मा, तुम्ही त्याच्यासाठी देवाकडे मागता ना? माझ्यासाठीही मागाल?"

बाईंना धक्काच बसला. त्यांचं मागणं तर कधीच बंद पडलं होतं. आणि तमिळ येत होती ती बाजारातली, भाव करायची, बसमध्ये जागा मागायची. पण मराठीत बोलावं तर त्याला काय कळणार? त्यांनी डोळे मिटले आणि होते तेच तमिळ शब्द घेतले. स्वामी, इकडे या. इथे बसा. हा मुलगा बघा. फार दुखतंय. याला आणि मला, दोघांना. जाऊ नका.

एवढंच. कौशिक हुंदके देत होता. बाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा हात त्याच्या डोक्यावर होता. तो त्यांनी कधी ठेवला, त्यांना कळलं नव्हतं.

परतताना बसमध्ये त्या अनयशेजारी बसल्या. "ऐकलं कुणीतरी," त्या अनयला म्हणाल्या. "त्या सकाळी का नाही ऐकलं, ते मी विचारणार आहे त्याला. सोडणार नाही."

"विचार की," अनय म्हणाला.

अजूनही त्या विचारतात, रोज सव्वापाचला. उत्तर आलेलं नाही. मात्र आता समोर कुणी नाही असं त्यांना वाटत नाही. आणि शनिवारी दुपारी मायलेक दोघंही घरी नसतात.