पंगतीतले सरकारी वाल

वालाची उसळ पानात पडली की ती घटना अजून आठवते. मी आधी वास घेतो आणि घरचे हसतात. हसोत बापडे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. गोळीबारानंतर गिरणगावात खाकी वर्दी दिसली की लोक तोंड फिरवायचे. वाढत्या मुंबईला भाजी पुरावी म्हणून त्याच काळात सरकार कुर्ल्यापलीकडच्या लहान वाडीवाल्यांना सुधारित बियाणं सवलतीत देत होतं. मी तेव्हा परळच्या पोलीस ठाण्यात फौजदार होतो. एके सकाळी शेतकी अधिकाऱ्याचा ठाण्यात फोन आला. परळच्या गोदामातून वालाच्या बियाण्याची एक गोणी चोरीला गेली होती.

"चोरीचं नंतर बघा हो," ते म्हणाले. "त्या वालांना कीड लागू नये म्हणून विष चोळलंय. धुतलं तरी जात नाही."

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि खबऱ्याला गाठलं. त्याने गोदामातल्या एका हमालाचं नाव दिलं. लालबागच्या चाळीतला मालवणी गडी. हवालदाराने त्याला आणून माझ्यासमोर उभा केला.

मी दरडावलं नाही. विषाचं सांगितलं, तर तो हसलाच. "सायबानू, पोलीस काय वाट्टेल ता सांगतत."

मी शेतकी अधिकाऱ्याला फोन लावून रिसीव्हर त्याच्या कानाला दिला. रिसीव्हर खाली ठेवायच्या आधीच तो बोलू लागला. "परवा ते वाल आयेक दिलंय. सुटून इलेल्या सत्याग्रहींका पंगत आसा आमच्या चाळीत."

परवा! वाल आणले आणि शिजवले असं होत नाही. ते भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलायचे. म्हणजे पंगत आजच. त्याला जीपमध्ये घातला आणि निघालो. ड्रायव्हरला इतकी घाई मी आयुष्यात कधी केली नाही.

चाळीच्या अंगणात पानं वाढून होत आली होती. "थांबा, उसळीत विष आहे," मी ओरडलो.

"तुरुंगात डांबून पोट भरलं नाही काय? आता घासही काढताय?" एक बाई कडाडली. एका सत्याग्रहीने तर माझ्याकडे बघत मुद्दाम घास उचलला.

तेवढ्यात हमाल मला ढकलून पुढे झाला. "आये, वाढू नको! ते वाल मी चोरललंय. सरकारी बियाणा ता, विष लावलेला."

त्याच्या आईने त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि उसळीचा टोप लाथेने उपडा केला. सत्याग्रहीने हातातला घास खाली टाकला.

आईच्या खोलीत अर्धी गोणी शिल्लक होती. पंचनामा करून ती जप्त केली आणि पुढे कोर्टाच्या परवानगीने वाडीवाल्यांना परत दिली. त्यांची पेरणी साधली.

माझ्या खऱ्या बोलण्यावर त्या अंगणात कुणाचा विश्वास बसला नव्हता, चोराच्या एका वाक्यावर बसला. वर्दीला लोक भितात, म्हणून ते तिचं ऐकतातच असं नाही, हे मी तिथे शिकलो. आरोपपत्र मीच दाखल केलं. आणि भर अंगणात, आईसमोर, स्वतःला चोर म्हणवून घेत त्याने पंगत वाचवली, हे मॅजिस्ट्रेटना सांगायला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मीच उभा राहिलो.