तोंड नवऱ्याचं, आवाज दुसऱ्याचा

बहरीनमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दरवर्षी एक नाटुकलं व्हायचं आणि दरवर्षी त्यात कुणीतरी वाक्यं विसरायचं. म्हणून एका वर्षी ठरलं, नाटक नको, सिनेमा करू. सिनेमात विसरलं तर परत घेता येतं.

दिग्दर्शक आपसूकच ठरला. मनामातल्या एका शिपिंग ऑफिसात क्लार्क असलेला, रायगडकडचा एक गृहस्थ. त्याच्याकडे नवा फोन होता आणि फोन न हलता धरणारी दांडी होती. मंडळात दांडी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. गोष्टही त्यानेच लिहिली. एक नर्स, तिच्यावर दोघांचं प्रेम. एक तिच्यासाठी समुद्रात उडी मारणारा, दुसरा किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभा राहणारा. शेवटी ती टॉवेलवाल्याला निवडते.

मी सलमानियाच्या इस्पितळात खरीखुरी नर्स, शिवाय त्या महिन्यात शुक्रवारी माझी ड्युटी नव्हती. एवढ्या पात्रतेवर मी हिरॉइन झाले. वय सत्तेचाळीस. वसईला फोन करून आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तिकडे दुसरी बाई मिळाली नाही?"

उडीवाला म्हणून हॉटेलात केक-पेस्ट्री करणारा आमच्याच वसईचा एकजण घेतला. चाळिशीचा, बिनलग्नाचा आणि आवाज असा की चर्चमध्ये वाचन करायला उभा राहिला की खोकणारी माणसं खोकायची थांबत. टॉवेलवाला म्हणून माझा नवरा. तो एसी दुरुस्त करतो, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतो, त्यातली आठ गॅसबद्दल असतात. दिग्दर्शक त्याला म्हणाला, "भाई, तुमाला ॲक्टिंग करायचीच नाय. घरी असता तसे ऱ्हावा."

पहिल्या शुक्रवारी आमच्या जिदहफ्सच्या फ्लॅटमध्येच शूटिंग झालं. केकवाल्याने माझा हात धरून "तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही" म्हणायचं होतं. त्याने हात धरला, घामाने डबडबला आणि म्हणाला, "ताई, मला हे जमायचं नाही." मग बरोबर आणलेलं खोकं उघडून त्याने मला चिकन पफ दिला. चार वेळा घेतलं, चारही वेळा शेवटी पफच मिळाला.

नवऱ्याचं उलटंच झालं. मला चहा देऊन "दमलीस का?" एवढंच विचारायचं होतं. घरी असता तसे राहा म्हटल्यावर, घरी आपण कसे असतो हे तो विसरूनच गेला. छाती पुढे काढून, भुवया उडवून तो गरजला, "दमलीऽऽस का?" कपातला चहा माझ्या मांडीवर सांडला. आतल्या खोलीतून मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "ममा, इज डॅडी ओके?"

दिग्दर्शकाने कपाळ धरलं. मग थोडा वेळ दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाला, "अदलाबदल करू."

अशा रीतीने लग्नाच्या बाविसाव्या वर्षी माझा नवरा माझ्यासाठी वेडा झाला.

त्याला ते भलतंच आवडलं. आठवडाभर गाडीत सराव चालला. सिग्नलला थांबलो की तो माझ्याकडे वळून म्हणे, "तू दिसली नाहीस तर माझा श्वास अडकतो!" धुळीने त्याचा श्वास खरंच अडकतो, त्यामुळे पहिल्या वेळी मी घाईने इन्हेलर काढून त्याच्या तोंडात घातला. तो म्हणाला, "अगो, डायलॉग आहे!"

पुढच्या शुक्रवारी सकाळी आम्ही अरादच्या किनाऱ्यावर गेलो. उडीचा प्रसंग घ्यायचा होता. समुद्राला ओहोटी लागलीय हे तिथे पोचल्यावर कळलं. पाणी दूर गेलेलं आणि जिथे होतं तिथेही घोट्याएवढं. दिग्दर्शक म्हणाला, "भाई, तुमी चालत ऱ्हावा. खोल लागला की मारा उडी." तो स्वतः गाडीच्या बोनेटमागे दांडी टेकवून बसला, म्हणजे चौकट छान येते म्हणे. केकवाला टॉवेल घेऊन लांब उभा.

माझं वाक्य होतं, "जा! मला तुझं तोंड बघायचं नाही!" मी ते जोरात म्हटलं आणि नवरा चालू लागला. चालला, चालला, लहान होत गेला. पाणी अजून नडगीपर्यंतच. तिकडून तो हात पसरून ओरडत होता, "तुझ्यासाठी मी या समुद्रात..." आणि पुढचं वाऱ्यात.

इतक्यात मागून कुणीतरी आलं. पांढऱ्या पायघोळ थोबातले एक वयस्क बहरिनी गृहस्थ, बहुतेक सकाळचे फिरायला निघालेले. गाडीमागचा फोन त्यांना दिसलाच नव्हता. त्यांनी एवढंच पाहिलं होतं की बाईने नवऱ्याला हाकललं आणि नवरा समुद्रात चाललाय.

"सिस्टर! हसबंड गुस्सा?"

"नहीं बाबा, ये सिनेमा..."

"सिनेमा मफी जरूरी!" ते कळवळून म्हणाले. मफी म्हणजे नाही. त्यांना वाटलं, मला सिनेमाला नेलं नाही म्हणून भांडण. मग पाण्याकडे तोंड करून त्यांनी अशी हाक मारली की बगळे उडाले. "यल्ला! आओ! औरत माफ किया!"

नवऱ्याला वाटलं, दिग्दर्शकाने परत बोलावलंय. तो वळला आणि चिखलात रुतलेला पाय ओढताना एक सँडल आत राहिली. तो एका पायाने लंगडत, घोट्यापर्यंत काळा होऊन बाहेर आला. त्याला बघून माझा सगळा अभिनय गेला.

"नवीन सँडल घालून कोण जातं चिखलात? आणि गार पाण्यात किती वेळ उभा होतास? संध्याकाळी छाती भरली की मलाच उठवशील!"

"अगो, पण खोल लागतच नव्हतं!"

बाबांनी नवऱ्याचा हात उचलला, माझ्या हातात ठेवला, वर आपल्या हाताने थोपटला. "खलास," म्हणाले. आणि समाधानाने निघून गेले. आम्ही दोघं हात धरून उभे. हसावं तर ते वळून बघतील याची भीती.

बोनेटमागून दिग्दर्शकाचा आवाज आला, "भाभी, हलू नका! सगला घेतलाय!"

चित्र खरंच सुरेख आलं होतं. आवाज मात्र नव्हता. सगळा वारा. म्हणून आमच्या बेडरूममध्ये रजया टांगून डबिंग करायचं ठरलं. पण नवऱ्याची छाती मी म्हटल्याप्रमाणे भरली होती. तो "समुद्र" म्हणायला जाई आणि नुसती शिट्टी वाजे. मग रजईखाली केकवाला शिरला. समोर माझं तोंड नाही, कुणी बघत नाही, अंधार. तिथून तो जो काय बोलला! "तुझ्यासाठी मी या समुद्रात उतरेन" ऐकून माझी मुलगीसुद्धा फोन खाली ठेवून म्हणाली, "ओ वॉव." नवरा वाफारा घेत कोपऱ्यात बसला होता. टॉवेलखालून म्हणाला, "मी पण असंच म्हटलं होतं तिकडे."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी हॉल भरलेला. पडद्यावर तोंड माझ्या नवऱ्याचं आणि आवाज केकवाल्याचा. बायका पदराला डोळे पुसत होत्या. किनाऱ्यावरचा हातावर हात ठेवायचा प्रसंग आला तेव्हा टाळ्या पडल्या. लगेच पुढच्या प्रसंगात मी टॉवेलवाल्याला निवडलं, तर अख्खा हॉल ओरडला, "नाऽऽही!" दिग्दर्शक उठून समजावू लागला की टिकाऊ प्रेम कसं शांत असतं. कुणी ऐकेना. मागून एकजण म्हणाला, "टिकाऊ घरी आहे आमच्या, वेगळं दाखवा!" आणि त्याच्या बायकोने त्याला तिथेच चिमटा काढला.

नंतर लोक नवऱ्याभोवती जमले. आवाजाचं कौतुक. मला वाटलं, आता खरं सांगेल. तो नम्रपणे मान झुकवून म्हणाला, "सर्दी होती, नाहीतर अजून चांगलं झालं असतं." मी त्याच्या पायावर पाय दिला. शेवटी एक म्हाताऱ्या मावशी, मुलीकडे राहायला आलेल्या, त्याचा हात धरून बसल्या. "बाबा, ते श्वासाचं वाक्य एकदा म्हण."

नवऱ्याने घसा खाकरला. माझ्याकडे बघितलं. वाक्य साफ विसरला. म्हणाला, "तू दिसली नाहीस तर... मी इन्हेलर कुठे ठेवलाय ते मला सापडत नाही."

मावशींनी हात सोडला. "हा तो नव्हे," त्या म्हणाल्या, आणि हॉलभर खऱ्या आवाजाचा शोध सुरू झाला. केकवाला स्वयंपाकघराच्या दारात पेस्ट्रीच्या ट्रेमागे लपलेला सापडला. मावशींच्या मुलीची मैत्रीण, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला काम करणारी, तिथेच उभी होती. तिने त्याला फक्त "तुम्हीच का?" एवढं विचारलं. तो लाल झाला आणि त्याने ट्रे पुढे केला.

पुढच्या ईस्टरनंतर त्यांचं लग्न वसईला झालं. परवा ती इस्पितळात भेटली. मी विचारलं, "काय, घरी ऐकायला मिळतात का तसले डायलॉग?"

"कुठलं हो, ताई," ती म्हणाली. "लाइट बंद केल्याशिवाय तोंडच उघडत नाही. दिवसभर नुसतं खायला देतो." आणि पर्समधून डबा काढून तिने मला अर्धा पफ दिला.