भन्तेंच्या चौकशीची तयारी

एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर अधिकार लागतो. तो माझ्याकडे आहे की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. परीक्षेच्या उत्तरांपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. भन्तेंबद्दल कुणा जाणत्यानं लिहायला हवं होतं. पण त्यांना जवळून पाहिलेली आमच्या वस्तीतली बहुतेक माणसं लिहिणारी नाहीत, म्हणून हे धाडस. उणं-अधिक झालं तर सांभाळून घ्यावं.

भन्ते मूळचे श्रीलंकेचे. उदगीरजवळच्या आमच्या बौद्धवस्तीत, विहाराला लागून असलेल्या खोलीत ते राहत. पाली त्यांना मुखोद्गत होती, मराठी मात्र ते हापशावर पाणी भरणाऱ्या बायांकडून शिकले होते. त्यामुळे गंभीर चेहऱ्यानं धम्मदेसना देता देता मध्येच म्हणायचे, "राग लई वंगाळ हाय गा. ज्याच्या घरात राहतो, त्यालाच खातो." पोरं खुदकन हसायची. भन्ते थांबायचे, हसू संपू द्यायचे आणि पुढं सुरू करायचे. दारात कुणीही आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलाव का?" स्वतः मात्र दुपारनंतर अन्नाला शिवत नसत.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. हापसा नुसता खडखडायला लागला. वस्तीतली बहुतेक घरं कुलूप लावून बिलोलीकडं कालव्याच्या कामावर गेली. आम्हीही गेलो. ट्रकमध्ये सामान चढत होतं, तेव्हा भन्ते आपलं भिक्षापात्र घेऊन येऊन उभे राहिले.

"भन्ते, तिथं डोक्यावर छप्पर न्हाई," धुरपताआजी म्हणाली. वस्तीतली ती सगळ्यांत वयस्कर.

"तुमाला हाय का?"

"न्हाई की."

"मग मला एकट्यालाच कशाला पायजे? भिक्षा देणारे जिथं, भिक्खू तिथं."

कामावर त्यांनी हातात टिकाव घेतला नाही. भिक्खूनं जमीन खणायची नसते. पण बाया खोदत असताना त्यांची लेकरं सांभाळली, आणि उन्हं चढली की टँकरपासून कामापर्यंत पाण्याच्या घागरी वाहिल्या. मुकादमानं मजुरी देऊ केली, तर म्हणाले, "पैशाला हात लावत न्हाई गा आम्ही."

उन्हाळा सरल्यावर आम्ही परतलो, तेव्हा कळलं की मधल्या काळात एक पोलीस येऊन गेला होता. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. परदेशी रहिवाशांचे कागद जुन्या जिल्ह्यातून नव्या कचेरीत आले होते आणि ज्याचा त्याचा पत्ता तपासला जात होता. विहाराला कुलूप पाहून पोलिसानं लिहून नेलं : पत्त्यावर आढळले नाहीत. भन्तेंच्या मुक्कामाची मुदत वाढवायची होती, आणि तोच चौकशीचा कागद आला. न कळवता पत्ता का सोडला? उत्तर पटलं नाही तर देश सोडावा लागणार होता.

वस्तीनं तयारी सुरू केली. विहार समितीचे सुदामकाका पुढं झाले. मी कॉलेजात जाणारा, म्हणून साहेब मी व्हायचं ठरलं. विहारात सतरंजीवर भन्तेंसमोर बसून, जमेल तेवढा आवाज चढवून मी विचारलं, "दुष्काळात तुम्ही कुठं होतात?"

"बिलोलीला," भन्ते म्हणाले.

सुदामकाकांनी कपाळावर हात मारला. "अवो भन्ते, बिलोली म्हणजे नांदेड जिल्हा! इथंच होतो म्हना. पोलीस आला तवा भिक्षेला गेलतो म्हना."

"सुदामराव, पौर्णिमेला खोटं न बोलायचं चौथं शील तुमच्याकडून कोण म्हणवून घेतं?"

"तुमीच की."

"मग पुढच्या पौर्णिमेला कुठल्या तोंडानं म्हणवून घेऊ?"

"पुढच्या पौर्णिमेला इथं ऱ्हायलाव तर म्हनवून घेताल ना!"

भन्ते मनापासून हसले. पण पुन्हा विचारलं तरी उत्तर तेच. शेवटी असं ठरलं की खरंच सांगायचं, आणि जे कामावर सोबत होते त्यांनी साक्षीला जायचं. मी रोज साहेब होऊन भन्तेंना प्रश्न विचारत राहिलो. बाकीच्यांना कुणी काही विचारलं नाही.

लातूरच्या कचेरीत रंगाचा वास अजून गेला नव्हता. खुर्च्या पुऱ्या नव्हत्या; गठ्ठे जमिनीवरच होते. साहेब माणूस बरा होता. त्यांनी भन्तेंचं सगळं ऐकून घेतलं. दुष्काळ, कुलपं लागलेली घरं, भिक्षा. "नियम मोडला, पण कारण समजतं," असं म्हणालेही. सुदामकाकांनी सुस्कारा सोडला. मग साहेबांनी आजीला सहज विचारलं, "आजी, हे तिथं काय करत होते?"

भन्ते फुकटचं खात होते असा साहेबांचा समज झाला, असं आजीला वाटलं असावं. ती ताठ झाली. "बसून खाल्लं न्हाई, सायेब! आमच्यासंगं राबले. मानसाच्या बरोबरीनं पानी वाहिलं."

साहेबांची लेखणी थांबली. भन्तेंना परवानगी होती ती धर्माच्या शिकवणीसाठी, कामासाठी नव्हे.

"काम केलंत?"

"पाणी वाहिलं," भन्ते म्हणाले. "पैसा घेतला न्हाई."

साहेबांनी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या.

परतताना एसटीत सुदामकाका आजीवर कावले. "कौतुक करायला तीच जागा घावली का तुला?" आजी पदरात तोंड घालून रडत होती. पुढच्या बाकावरून भन्ते वळून म्हणाले, "आजी, खरं बोललीस. खऱ्याला रडायचं नसतं गा."

मुदत वाढली नाही. भन्ते गेले त्या दिवशी सगळी वस्ती उदगीर स्टेशनवर होती. आजी आली नाही. पुढं कित्येक वर्षं हापशावर भांडण झालं की बाया तिला टोचून म्हणायच्या, "हिनंच भन्तेला मजूर करून धाडलं." भांडणाला कधी मागं न हटणारी आजी तेवढ्या एका वाक्यावर घागर उचलून चालायला लागायची.

मध्यंतरी नांदेडला एका धम्म मेळाव्यात श्रीलंकेचे एक तरुण भिक्खू भेटले. मोडक्या हिंदीत बोलणं झालं, तेव्हा कळलं की ते भन्तेंचेच शिष्य. भन्ते आदल्या वर्षीच वारले, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "गुरुजी नव्या श्रामणेरांना नेहमी सांगायचे, भारतात मला मोठमोठ्या लोकांनी वंदन केलं. पण एका म्हातारीनं भर कचेरीत सांगितलं की हा आमच्यासोबत राबला. तसा मान मला पुन्हा कुणी दिला नाही."

गावी गेल्यावर मी हे आजीला सांगितलं. ती आता उंबऱ्यापलीकडं फारशी जात नाही. भन्ते गेल्याचं ऐकून तिनं हात जोडले. पुढचं मला दोनदा सांगायला लावलं.

"मंग?" ती म्हणाली. "म्या काय लबाड बोलले व्हते?"